जकार्डचा पुठ्ठा

लोकेश अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना,
तेव्हा नीलम नगरात ज्याच्या त्याच्याकडे एक कारण निघालं.

सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात कात्री धरलीस.
धरली होती. जूनच्या आधी गणवेशाच्या ऑर्डरी असतात,
ग्रहण आहे म्हणून शेठ मुदत वाढवत नाही.
शांतव्वा म्हणाली, तुमच्यात तेलुगू, गल्लीत मराठी,
आमच्या दारात कन्नड, लेकरानं उचलावं तरी काय?
नणंद म्हणाली मोबाईल. दीर म्हणाला, सुई टोचल्यापासूनच हे.
मागांचा खडखडाट, शेजारच्या विड्यांची तंबाखू,
नात्यातलं लग्न, माझं रात्र रात्र मशीनवर बसणं.
मी सगळं ऐकून घेतलं
आणि दिवा मालवल्यावर एकेक कारण अंगाला लावून पाहिलं,
मापाचं निघतंय का.
वाईट हे, की प्रत्येक थोडं थोडं बसायचं.

कोनापुरे डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून त्याच्याजवळ फरशीवर बसल्या.
तो पंख्याकडे बघत होता.
त्याही पंख्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ.
मग म्हणाल्या, हा ऑटिझम. एकच एक कारण नसतं याला.
बरंचसं जन्माआधीच, जीन्समध्ये, मेंदू घडताना ठरतं;
सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही.
लसीनं होत नाही, हे मात्र तपासून तपासून कळलंय.
तीन भाषांनी होत नाही. कात्रीनं तर नाहीच नाही.
मी विचारलं, मग माझं काय चुकलं?
त्या म्हणाल्या, याच्या मानेला टॅग टोचतोय, बघा.

टॅग.
वर्षाला हजारो कॉलरी शिवते मी,
एकेकीत माझ्याच हातानं टॅग बसवते.
घरी येऊन त्याच्या सगळ्या शर्टांचे उसवले.

मग शिकत गेलो. कुकर लावताना त्याला आधी सांगायचं.
गड्ड्याच्या जत्रेत रात्री न्यायचं नाही,
पहाटे न्यायचं, पाळणे झाकलेले असताना.
फारच बिनसलं तर चादरीत गुंडाळायचं, तोंड उघडं ठेवून.
घरातली सगळ्यात जड, मोरांची, पाहुण्यांसाठी जपलेली.
पाहुण्यांना आता पातळ मिळते.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं; एकदा चौथ्याच दिवशी आलं,
अख्ख्या गल्लीत रडणारा तो एकटा.

नवरा जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, कारखान्यात.
बोलायला तोही बेताचाच. रोज तीच कडक भाकरी,
तीच शेंगाचटणी, ताटात कशाला काही टेकलेलं चालत नाही.
जीन्स म्हणजे काय, ते मला एका रात्री
त्याला वाढता वाढता कळलं, आणि मी एकटीच हसले.

चित्रांची कार्डं करा, बाईंनी सांगितलं होतं.
नवऱ्यानं वाया गेलेले पुठ्ठे आणले, पाठीमागे चित्रं चिकटवली:
पाणी, भाकरी, झोका, बास.
पोरानं हवं ते कार्ड आपल्या हातात द्यायचं, आपण ते लगेच द्यायचं.
सहा महिने त्यानं त्यांच्या रांगा लावल्या.
रांग मोडली की किंचाळला.
दर सोमवारी बाई म्हणायच्या, होऊ द्या.

काल दुपारी त्यानं बापाच्या पिशवीतून
एक बिनचित्राचा पुठ्ठा काढला, नुसती भोकं,
आणि माझ्या हातात दिला.
पाणी? भाकरी? बास?
त्यानं माझं मनगट धरलं,
खिडकीपाशी नेलं, वर केलं.
फरशीवर उन्हाचे ठिपके पडले, शेदीडशे,
कुठल्याशा मोराच्या पिसाऱ्याचा एक तुकडा असेल.
तो ठिपक्यांकडे बघत राहिला.
मग वळून क्षणभर माझ्याकडे बघितलं,
मी बघतेय का ते बघायला.

दोनशे हाफ पँटी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या.
ऊन सरकेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.